ती बाई गुजरातीच आहे, शरद

तुझ्या शोकसभेला तुझ्यामागे कैरो होतं, शरद.

दोह्यातल्या मुऐदर भागातल्या त्या व्हिलाच्या हॉलमध्ये मी शिरले आणि आधी फ्लेक्सच दिसला. भिंतभर. वर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, खाली तुझं नाव, मधे तू. फोटो मंडळाच्या गणपतीतला, ब्लेझर घातलेला. शेजारी उभ्या असलेल्या कुणाचा तरी खांदा कापायचा राहून गेला होता, त्यामुळे तुला तीन खांदे आले होते. हे सगळं मी सोसलं असतं. पण तुझ्या पाठीमागे ती गल्ली होती. दोन्ही बाजूंना लाकडी जाळीच्या खिडक्या पुढे झुकलेल्या, मधोमध उंच मिनार, खाली गाढवं आणि पाठीवर पखाल घेतलेला माणूस. ज्या चित्राखालच्या एका ओळीसाठी तू नोकरी सोडलीस, तेच चित्र. मंडळाचे सेक्रेटरी परचुरे माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, “बॅकग्राउंड बघितलंत ना मॅडम? खास शोधून काढलं. जुना दोहा. शरदरावांचा आवडता विषय.”

शोकसभेत किंचाळायची पद्धत नाही आपल्यात.

तू असतास तर चप्पल घालून निघून गेला असतास. मागे बायकोला, अनघाला, सगळ्यांची माफी मागायला ठेवून. तुझी ही सवय मला कधीच आवडली नाही. पण त्या दिवशी मला वाटलं, की अर्ध्या सभेला तुझ्या मागोमाग चालायला लावायला हवं होतं.

मग भाषणं झाली. तू मनमिळाऊ होतास असं एकजण म्हणाला. तू! ज्याने मंडळाच्या दिवाळी अंकाला ‘शुद्धलेखनाच्या चुकांचा वार्षिक संग्रह’ म्हटलं आणि ते संपादकाच्या बायकोसमोर म्हटलं. दुसरा म्हणाला, तू हेरिटेजप्रेमी होतास. हा शब्द ऐकला की तुझा चेहरा कडू काढा प्यायल्यासारखा व्हायचा. फुटबॉलचा वर्ल्ड कप जवळ यायला लागला तसा हा शब्द दोह्यात सिमेंटच्या बरोबरीने ओतला जात होता. रस्ते उखडलेले, जिकडे तिकडे डायव्हर्जनच्या पाट्या, आमच्या अल थुमामाच्या गच्चीवरून ते टोपीच्या आकाराचं स्टेडियम वर वर येताना दिसायचं, आणि उघडणाऱ्या प्रत्येक हॉटेलला लॉबीत ‘हेरिटेज’ हवं असायचं. पाहुणे येणार होते ना. पाहुण्यांना नवं बांधलेलं दाखवायची लाज वाटते, म्हणून जुनं मागवायचं.

आणि जुनं पुरवायचं काम आपल्या कंपनीकडे होतं. हॉटेलांच्या आतल्या भिंती, छतं, फर्निचर, सगळं आपणच करायचो. मी खरेदी बघायचे, तू भिंतीवरची चित्रं. पुण्याचा माणूस चित्रं निवडतो म्हणजे दुसऱ्यांनी निवडलेली नाकारतो, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं. मी नाशिकची, त्यामुळे माझी निवड तर विचारातच घ्यायची नाही असं तू ठरवून आला होतास.

बाजारपेठांच्या जुन्या छापील चित्रांचं वेड तुला कुठून लागलं ते तू कधी सांगितलं नाहीस. मी विचारलं की म्हणायचास, “तुला भरतकाम का आवडतं?” मला भरतकाम आवडत नाही हे तुला माहीत होतं. पण तुझ्या घरी भिंतीला रंग दिसत नसे. कैरो, बगदाद, दमास्कस, मस्कत, मुंबई. सगळीकडे बाजार, सगळीकडे अरुंद गल्ली, सगळीकडे फळ्या पुढे काढून बसलेले दुकानदार. अनघा म्हणायची, “माझ्या घरात इतके दुकानदार आहेत, पण कोथिंबीर मलाच आणावी लागते.”

मी पहिल्यांदा ती चित्रं पाहून ‘वा’ म्हटलं, तेव्हा तू माझ्यावर उखडलास. “वा काय? आधी बघ तरी.” आणि मग तासभर मला उभं करून दाखवलंस. कुणीतरी प्रवासी, नाहीतर बोटीवरचा अधिकारी, बाजारात उभा राहून घाईघाईत चार रेघा ओढायचा. तो कागद विलायतेला जायचा. तिथे एका खोलीत बसलेला ठसा कोरणारा, ज्याने उभ्या जन्मात ऊन पाहिलेलं नाही, तो त्यावरून अख्खी गल्ली कोरायचा. जिथे रेघा कमी तिथे आपल्या मनाने माणसं भरायचा. “हा पखालवाला बघ,” तू म्हणालास, “आणि आता इकडे बगदादला ये.” तोच पखालवाला. तोच वाकलेला गुडघा, तोच फेटा. मग मला मस्कतला नेलंस, तिथेही तो पाणी घेऊन हजर. सावल्या दाखवल्यास. इतक्या अरुंद गल्लीत दोन्ही भिंतींवर एकाच वेळी ऊन, कारण दोन्ही बाजूंची दुकानं दिसायला हवीत ना. दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरं दाखवलीस; ती अरबी नव्हती, काहीच नव्हती, नुसत्या वळवळणाऱ्या रेघा होत्या.

“म्हणजे सगळं खोटंच की,” मी म्हटलं.

“खोटं नाही. अर्धवट आहे. आणि अर्धवट कुठून सुरू होतं ते दिसतंय. ते दिसतंय म्हणून ठेवलंय.”

हे तुझं वाक्य मी तेव्हा हसण्यावारी नेलं. चित्र फ्रेम करताना मात्र तू मागच्या माउंटच्या पुठ्ठ्यावर मऊ पेन्सिलीने गावाचं नाव लिहायचास, आणि खात्री नसेल तर सरळ ‘माहीत नाही’ असं लिहायचास. तुझ्या तोंडून हे दोन शब्द आयुष्यात कधी निघाले नाहीत. ते सगळे फ्रेमांच्या पाठीमागे साठले होते.

मग ते हॉटेल आलं. नाव घेत नाही, त्यांना फुकट प्रसिद्धी नको. लंडनहून एक डिझाइन कन्सल्टंट बाई आली होती, पांढऱ्या लिननमध्ये, जिला आपण दोघं तिच्यामागे ‘इस्त्री’ म्हणायचो. तिला लॉबीत ‘ओल्ड दोहा मार्केट स्ट्रीट’ हवा होता, जुनं प्रिंट, भिंतीएवढं मोठं करून. तू तिला सांगितलंस, असं प्रिंट आपल्याला आजवर सापडलेलं नाही. त्या काळात चित्रं काढत हिंडणारे हे लोक ज्या बंदरांवर थांबायचे त्यांत हे नव्हतं. इथल्या बाजाराची आठवण हवी असेल तर म्हाताऱ्या माणसांना विचारा, जुने फोटो मिळवा. तिने ऐकून घेतलं, गोड हसली, आणि तुझ्याच संग्रहातल्या कैरोवर बोट ठेवलं.

“धिस वन. इट हॅज द स्पिरिट ऑफ द प्लेस, शॅराड.”

“दॅट इज कैरो,” तू म्हणालास.

“एक्झॅक्टली द स्पिरिट.”

तू तरीही ते दिलंस, कारण कैरो म्हणून लावणार असतील तर लावोत, असं तुझं म्हणणं. स्कॅन झालं, भिंतीवर चढलं. आणि आठवड्याने तू मला हाताला धरून लॉबीत नेलंस. खाली पितळेची पाटी होती. ‘जुन्या दोह्यातील बाजारपेठ. शरद यांच्या संग्रहातून.’ इंग्रजीत आणि अरबीत.

तुझं नाव पितळेत कोरलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. मला वाटलं, तू आता तमाशा करणार. पण तू हळू आवाजात म्हणालास, “मृणाल, मिनार बघ तो. इथे कुठे होता एवढा उंच? आणि एवढं लाकूड कुठून आणलं असतं? इथली घरं कसली होती माहितीये ना तुला?” जणू मी पाटी लावली होती.

तिथून आपलं भांडण सुरू झालं. मी म्हणत होते, कोण वाचतं खालची पाटी? लोक बॅगा घेऊन लिफ्टकडे जातात. तुझे ते विलायती कोरणारे तरी काय करत होते? एकच पखालवाला तीन शहरांत उभा करायचे. मग ह्या बाईने एक गल्ली उचलून इकडे आणली तर तुला एवढा राग का?

“त्यांना माहीत नव्हतं,” तू म्हणालास. “हिला माहीत आहे. मीच सांगितलंय.”

“मग?”

“मग उद्या कुणीतरी इंटरनेटवर जुना दोहा शोधेल आणि ही गल्ली येईल. आणि तिच्यावर माझं नाव असेल. मी मेल्यावरही.”

मी तुला म्हटलं, तू स्वतःला फार महत्त्वाचा समजतोस. हे मी आजही म्हणेन. तू समजायचासच. तू मेल पाठवलेस, मीटिंगा घेतल्यास, शेवटी मालकाने सांगितलं, “खलास, शरद. पाटी राहील. क्लायंट खूश आहे.” तू राजीनामा दिलास. पन्नाशी उलटलेल्या माणसाने, मुलगी दहावीत असताना, पितळेच्या पाटीसाठी. मी तुझ्याशी महिनाभर बोलले नाही. अनघा बोलली, पण तिला पर्याय नव्हता. नंतर तुला दुसरी, पहिलीपेक्षा हलकी नोकरी मिळाली आणि तू तिथल्या लोकांनाही छळायला लागलास, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

तर शरद, तुझं म्हणणं अक्षरशः खरं झालं. परचुऱ्यांनी इंटरनेटवर जुना दोहा शोधला. गल्ली आली. खाली तुझं नाव होतं, म्हणून त्यांना ती आणखीच पसंत पडली. आणि ती तुझ्याच पाठीमागे लावली. मी फ्लेक्सकडे बघत राहिले, मला हसू येत होतं आणि त्याच वेळी रडू येत होतं, आणि शेजारच्या बाईने माझ्या हातात टिश्यू कोंबला. तेवढ्यापुरता तू जिंकलास. तुला हे कळायला हवं होतं. तू जिंकलास आणि तुला कळलंच नाही, ह्याचा मला सगळ्यात जास्त राग आहे.

तुला पुण्याला नेलं, तेरावं झालं, आणि अनघा अन् ईरा घर आवरायला परत आल्या होत्या. दोघींचे व्हिसा तुझ्या व्हिसावर. तू गेलास की त्यांनाही जायचंच. म्हणून परचुऱ्यांनी सभेत घोषणा केली. म्हणाले, आपल्या शरदरावांचा अमूल्य ठेवा वाया जाऊ नये म्हणून मी त्या हॉटेलशी बोललोय. वर्ल्ड कपच्या आत ते एक अख्खा कॉरिडॉर देतायत. ‘शरद कलेक्शन, जुन्या दोह्याच्या बाजारपेठा.’ जगभरचे पाहुणे बघतील. आपल्या मराठी माणसाचं नाव राहील.

टाळ्या पडल्या. शोकसभेत. मी अनघाकडे पाहिलं. ती थकली होती, शरद. तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं की एवढ्या फ्रेमा विमानात कशा न्यायच्या हा प्रश्न सुटला म्हणून तिला बरं वाटतंय. मी तिला दोष देणार नाही.

आणि तेवढ्यात तुझी मुलगी उभी राहिली. जिने तुझ्याशी जन्मभर मराठीत ऐकून इंग्रजीत उत्तरं दिली. तिने फ्लेक्सकडे हात केला आणि म्हणाली, “दॅट्स नॉट दोहा. दॅट्स कैरो. बाबा वुड हॅव वॉक्ड आउट.”

परचुरे म्हणाले, “हो हो बाळा. भावना महत्त्वाच्या.”

ईरा खाली बसली. तिचं नाक तुझ्यासारखंच फुललं होतं. मला तिच्याबद्दल इतकं प्रेम याआधी कधी वाटलं नव्हतं.

चहाच्या वेळी मी परचुऱ्यांना गाठलं. म्हटलं, ती चित्रं कैरोची आहेत, बगदादची आहेत, मुंबईची आहेत, एकही इथलं नाही. त्यांनी बिस्किट बुडवलं आणि म्हणाले, “अहो मॅडम, नाव राहतंय ना त्यांचं? कोण वाचतं खालची पाटी?”

माझंच वाक्य त्या माणसाच्या तोंडून ऐकून मला घरी जाऊन अंघोळ करावीशी वाटली. मी म्हटलं, मग लावा फोन हॉटेलला, आत्ता, अनघासमोर. विचारा, प्रत्येक चित्राखाली त्याचं खरं गाव लिहाल का, आणि जिथे शरदने ‘माहीत नाही’ लिहिलंय तिथे तेच लिहाल का. परचुऱ्यांना वाटलं, ही बाई ऐकणार नाही, आणि ते बरोबरच होतं. त्यांनी फोन लावला, स्पीकरवर टाकला. तिकडचा मॅनेजर आपल्याकडचाच, हिंदीत बोलला.

“सर, थीम तो ओल्ड दोहा है ना. कैरो कैसे लिखेंगे? और ‘पता नहीं’ लिखेंगे तो गेस्ट क्या बोलेगा? आप टेन्शन मत लो, सर का नाम बड़ा रखेंगे.”

परचुरे अनघाकडे विजयी मुद्रेने बघायला लागले. नाव मोठं ठेवणार होते ना.

अनघा कप खाली ठेवून म्हणाली, “मग नको.”

“वहिनी, शांतपणे विचार करा...”

“केला. एवढ्या फ्रेमा मी कुठे नेऊ मला खरंच माहीत नाही. पण मग नको. ज्या पाटीपायी त्यांनी घरात एवढी वर्षं डोकं खाल्लं, तीच मी आता मोठी करून लावू?”

तू बायकोला कधी चांगलं म्हटलं नाहीस. म्हणायला हवं होतंस. आता मी म्हणते, पण तिला तुझ्याकडून ऐकायचं होतं, त्याचं काय करायचं ते सांग.

जाताना ईराने फ्लेक्सच्या दोऱ्या सोडल्या. दोघी-तिघी पुढे झाल्या तिला मदत करायला, त्यांना वाटलं आठवण म्हणून घरी नेतेय. तिने त्यातून तुझा फोटो कात्रीने कापून घेतला, तीन खांद्यांसकट, आणि कैरो गुंडाळून परचुऱ्यांच्या हातात दिलं. “शुक्रन, अंकल,” म्हणून अरबीत आभार मानले. मला तुझ्यासारखं निर्लज्जपणे हसता आलं असतं तर मी तिथे हसले असते.

नंतर दोन दिवस आम्ही तिघींनी तुझे बाजार उतरवले. चादरी, टॉवेल, तुझे शर्टसुद्धा, जे हाताला येईल त्यात गुंडाळले. बरेचसे सामानाबरोबर बोटीने पुण्याला जातील. काही ओळखीच्यांकडे ठेवले, मागे काय लिहिलंय ते वाचून दाखवून, शपथ घातल्यासारखे. भिंतींवर फिकट चौकोन राहिले. अनघा त्यांच्याकडे बघून म्हणाली, “बघ, दुकानदार गेले तरी जागा सोडत नाहीत.”

शेवटी तिने मुंबईचं ते चित्र माझ्या हातात दिलं. “हे तू ने. ह्याच्यावर तुमचं भांडण आहे.”

शरद, ह्या चित्रावर आपण इतकी वर्षं भांडलो की लोकांना वाटायचं चित्र आपल्या दोघांच्या नावावर आहे. मुंबईची कसलीशी पेठ. पुढे एक बाई, टोपली कमरेवर घेतलेली, पदर उजव्या खांद्यावर. तुझं म्हणणं, कोरणाऱ्याने चित्र जसंच्या तसं ठशावर उतरवलं, त्यामुळे छापताना उलटं आलं. बाई मराठी आहे, पदर खरा डाव्या खांद्यावर. माझं म्हणणं, तुला बायकांची नेसण कळत नाही. ती गुजराती आहे, पदर मागून उजव्या खांद्यावरून पुढे घेतलाय, आणि टोपलीने नेमका तोच भाग झाकलाय. तू म्हणायचास, मग तो दुकानदार बघ, पुडी डाव्या हाताने देतोय, कोण देतं डाव्या हाताने? मी म्हणायचे, उजव्याला लागलं असेल. तू म्हणायचास, एवढा मूर्ख युक्तिवाद मी ऐकलेला नाही. एकदा ईराने सुचवलं, आरशात धरून बघा. आपण दोघंही तिच्यावर एकदम ओरडलो.

आणि मागे माउंटवर ती पेन्सिल. तू लिहिलं होतंस, ‘मुंबई. उलटं छापलं आहे.’ मी तुमच्याकडे आले की गुपचूप खोडून लिहायचे, ‘उलटं नाही. बाई गुजराती आहे.’ पुढच्या वेळी बघावं तर माझं खोडलेलं आणि तुझं परत हजर. कधी बोललो नाही आपण त्यावर. खोडून खोडून तिथला पुठ्ठा केसाळ झालाय, अक्षर नीट उमटतही नाही.

आता ते इथे माझ्या टेबलावर पालथं पडलंय. शेवटची पाळी तुझी होती. तुझं अक्षर, तिरकं, माजोरडं: ‘मुंबई. उलटं छापलं आहे.’

खोडरबर हाताशी आहे. सकाळपासून दोनदा उचललं आणि ठेवलं. ह्या वेळी मी खोडलं तर परत लिहायला कुणी येणार नाही. म्हणून राहू दिलंय, तुझं ते साफ चुकलेलं वाक्य.

ती बाई गुजरातीच आहे, शरद. ये आणि खोडून दाखव.